नाना, बाबांची ट्रंक लावून दिलीत त्याबद्दल

नाना, तुम्ही मोबाईलला हात लावत नाही हे माहितीय, म्हणून हे तुमच्या नातीला पाठवतेय, ती वाचून दाखवेल. आणि सगळ्यांसमोर एवढ्यासाठी लिहितेय की घरी थँक्यू म्हटलं की तुम्ही "अरे बेटा, छोड ना" म्हणता आणि चहा मागता, मग माझं राहूनच जातं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमचे बाबा इंदूरच्या एका हिंदी पेपरात ३४ वर्षं डेस्कवर होते, म्हणजे आलेल्या बातम्या लिहून-सुधारून द्यायला, आणि नाना तिथेच कंपोझिंगला, म्हणजे छपाईचे खिळे जुळवायला. बाबा घरी मराठी बोलायचे, वृत्तसंस्थांचा, म्हणजे एजन्सीचा माल बराचसा इंग्रजीत यायचा आणि लिहायचं हिंदीत. १९८२ ला यूएनआय या एजन्सीची हिंदी सेवा 'वार्ता' सुरू झाली तेव्हा बाबा म्हणे पेढे घेऊन आले होते, आता रोज रात्री भाषांतराची हमाली वाचेल म्हणून. कोणी विचारलं की मराठी माणूस हिंदी पेपरात कसा, तर त्यांचं उत्तर ठरलेलं, माधवराव सप्रे, पराडकर, आपले राहुल बारपुते, हे हिंदीतले मोठे संपादक सगळे कोण होते मग, मराठीच ना? हे ऐकून ऐकून आम्हा भावंडांना पाठ झालं होतं.

पण डेस्कवाल्याचं नाव छापून येत नाही ना. शाळेत मैत्रिणी विचारायच्या, तुझे बाबा पेपरात काय लिहितात, आणि मला दाखवायला काही नसायचं. बाबा रात्री अडीच-तीनला यायचे, बाहेरगावची डाक एडिशन छपाईला सोडून, मग शहराची सिटी एडिशन सोडून, आईनं ताट झाकून ठेवलेलं असायचं आणि सकाळी अकरापर्यंत घरात कुकरची शिट्टीसुद्धा वाजू द्यायची नाही असा नियम. थंडीत कधी कधी सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतून गराडू, म्हणजे मसाला लावलेला तळलेला कंद, बांधून आणायचे ते सकाळी गार खायचे आम्ही, शाळेत जाता जाता. बाबांची नोकरी म्हणजे माझ्यासाठी एवढंच होतं, गार गराडू आणि शांतता.

मागच्या वर्षी बाबा गेले. माळ्यावरनं पत्र्याची ट्रंक काढली तर आत नुसती कात्रणं, दोनशेच्या वर, कशावर नाव नाही, निम्म्यांवर तारीखही नाही. पुण्याचा दादा म्हणाला वर्षश्राद्धाला एक छोटी पुस्तिका करू, पण यातलं बाबांचं कुठलं आणि त्यांनी दुसऱ्याचं आवडलं म्हणून कापून ठेवलेलं कुठलं हे कोण सांगणार? आईलाही माहीत नव्हतं. तिनंच तुमचं नाव काढलं.

तुम्ही परदेशीपुऱ्यातून राजेंद्रनगरला सायकलवर आलात, या वयात, आणि पुढे अकरा दिवस दुपारी येत राहिलात. पहिल्या दिवशीचं मला कधी विसरता यायचं नाही. मी कात्रण माझ्याकडे सरळ करून धरलं होतं, तुम्ही टेबलाच्या पलीकडे, आणि मी फिरवून द्यायच्या आत तुम्ही उलटंच वाचायला लागलात, धडाधड, अंगठा ओळीवरनं सरकवत. मी बघतच राहिले. तर म्हणालात, "खिळे उलटेच वाचायचे असतात, सरळ वाचायला मला चष्मा लागतो." आणि हसलात.

मग पेन्सिलीनं खूण. हे साहेबांचं, म्हणजे बाबांचं, हे नाही, हे साहेबांचं पण शेवटचा पॅरा जागेसाठी मी कापला होता, माफ करा. मी विचारलं कसं ओळखता, तर म्हणालात की साहेब हेडिंग मात्रा मोजून द्यायचे, कधी एक अक्षर जास्त नाही, बाकीच्यांचं जुळवताना बसायचंच नाही कॉलमात, मग वर जाऊन भांडायचं. आणि साहेब 'हाहाकार' हा शब्द कधी लिहायचे नाहीत.

आणि हो, मला जे सगळ्यात आवडलं होतं ना, कुमार गंधर्व गेले तेव्हाचं, जानेवारी १९९२ चं, ते मी पुस्तिकेत पहिल्या पानावर टाकणार होते, दादाला वाचूनही दाखवलं होतं फोनवर, रडलो दोघं. तुम्ही बघितलंत आणि गप्प बसलात. मग म्हणालात, "हे साहेबांचं नाही. तोवर कॉम्प्युटर आला होता, मी पेस्टिंगला होतो, याचं ब्रोमाइड, म्हणजे मजकुराची फोटो-कागदावरची पट्टी, मी माझ्या हातानं पानावर चिकटवलंय, हे दुसऱ्यानं लिहिलंय, साहेबांनी फक्त वाचून पुढे पाठवलं." खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला तुमचा राग आला होता. हो म्हणाला असतात तर काय बिघडणार होतं, कोणाला कळणार होतं? दोन दिवस तुम्हाला फोन नाही केला. नाना, सॉरी. तुम्ही तेव्हा हो म्हणाला असतात तर बाकीच्या ६१ खुणांवर मी कशी विश्वास ठेवणार होते.

त्या ६१ मधे एक ४ डिसेंबर १९८४ चं आहे. भोपाळची गॅस. माझी मावशी भोपाळला स्टेशनच्या बाजूला राहायची, आदल्या दिवसभर ट्रंक कॉल लागत नव्हता, आई देवापाशी बसून, मी दुसरीत. रात्री कडी वाजली तर दारात तुम्ही, स्वेटर उलटा घातलेला, बोटं शाईनं काळी, आणि आत न येताच म्हणालात, "वहिनी, ताई ठीक आहेत, साहेबांनी सांगायला पाठवलंय, डोळे सुजलेत फक्त." आणि लगेच परत, कारण पान उघडं होतं, छपाईला गेलं नव्हतं. आई सांगते तुम्ही पाणीसुद्धा प्यायला नाहीत. मला इतकी वर्षं वाटायचं की बाबा स्वतः का नाही आले. आता ते कात्रण बघितलं, तुमच्या पेन्सिलीची खूण असलेलं, हेडिंगमधे गावाचं नाव आणि आकडा, बस. हे ते त्या रात्री लिहीत होते.

पुस्तिका आता तीस पानांची होतेय, पहिल्या पानावर हेच टाकतेय. जी बाबांची नाहीत ती कात्रणं फेकणार नाही, दादा म्हणतो भोपाळच्या सप्रे वृत्तपत्र संग्रहालयात विचारू, घेतली तर घेतली. आईनं तुमच्यासाठी बाबांचा तो करड्या रंगाचा स्वेटर धुऊन ठेवलाय, नाही म्हणू नका.

आणि ट्रंकेच्या तळाशी अजून एक पाकीट निघालंय, दोऱ्यानं बांधलेलं. मी उघडलं नाहीये. रविवारी या, पण सायकलवर नको, मी रिक्षा पाठवते.