शेअर युनियनचे, पण मताचा अधिकार नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोटार कारखान्यांच्या खासगीकरणाचा विषय निघाला की अमेरिकेचे २००९ साल हमखास पुढे केले जाते. सरकार आणि युनियन मालक झाले की कंपनी बुडते, असे ठासून सांगितले जाते. क्रम नेमका उलटा आहे. क्रायस्लर आणि जनरल मोटर्स या तिथल्या मोटार कंपन्या खासगी मालकीत असतानाच गाळात गेल्या, सरकार त्यांना वाचवायला त्यानंतर आले.

क्रायस्लरचा ५५ टक्के आणि जनरल मोटर्सचा साडेसतरा टक्के हिस्सा युनियनच्या निधीकडे गेला, हे खरे. पण हा निधी निवृत्त कामगारांच्या औषधपाण्याचा होता. कंपन्यांनी कबूल केलेली रक्कम रोख द्यायला पैसे नव्हते, म्हणून बऱ्याच रकमेच्या बदल्यात शेअर दिले. जनरल मोटर्समध्ये तर निधीला एक संचालक सुचवता येणार होता, पण शेअरवर मताचा अधिकार नव्हता. अशा मालकाला कारखाना बुडवता तरी कसा येईल?

कामगारांनी मोजलेली किंमत मात्र खरी होती. महागाई भत्ता थांबला, २०१५ पर्यंत वेतनासाठी संपबंदी आली, २००७ च्या करारातली नव्या कामगारांसाठीची निम्म्या पगाराची श्रेणी तशीच राहिली. एकाच लाइनवर एक जण तासाला २८ डॉलर घेऊन दरवाजा बसवत होता आणि शेजारचा तेच काम १४ डॉलरवर करत होता! आपल्याकडच्या कायम आणि कंत्राटी कामगारांना हे वेगळे समजावून सांगायला नको. तो महागाई भत्ता परत मिळवायला २०२३ मध्ये सहा आठवडे संप करावा लागला.

सरकारकडे जनरल मोटर्सचे सुमारे ६० टक्के शेअर होते, तरी रोजच्या कारभारात लक्ष घालायचे नाही असे त्याने ठरवले. २०१३ च्या अखेरीस सगळे शेअर विकून, १,००० कोटी डॉलरहून अधिक तोटा सोसून ते बाहेर पडले.

याउलट जर्मनीत फोक्सवॅगन या मोटार कंपनीत लोअर सॅक्सनी राज्याकडे २० टक्के मते आहेत, व्यवस्थापनावर देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षक मंडळावर निम्मे सभासद कामगारांचे आहेत आणि कारखाना हलवायला त्या मंडळाचे दोन तृतीयांश मत लागते. २०२४ च्या डिसेंबरमध्ये तिथे नोकरकपात मान्य करावी लागली, पण कारखान्यांना टाळे लावण्याचा बेत मागे घ्यावा लागला. तळेगावच्या जनरल मोटर्स कारखान्यातले उत्पादन २०२० मध्ये थांबले, तेव्हा तिथल्या कामगारांच्या हाती असे काहीच नव्हते.

कारभारात कामगारांचा सहभाग असावा, हे आपल्या राज्यघटनेच्या ४३-अ कलमात १९७६ पासून लिहिलेले आहे. महाराष्ट्र सरकार मोटार कंपन्यांना सामूहिक प्रोत्साहन योजनेतून सवलती देते. त्या देताना संचालक मंडळावर कामगारांचा, मताचा अधिकार असलेला प्रतिनिधी घेण्याची अट घालावी.

– एक निवृत्त कामगार, चिंचवड