सूचना : स्लाइडमधल्या लिंकची टिप तपासून घ्या

सातारा तालुक्यातील सर्व सभासद शिक्षकांना कळविण्यात येते की, शनिवारच्या सादरीकरणाच्या पॉवरपॉइंट फाइली पाठवण्याआधी प्रत्येक लिंक पाहून घ्यावी. लिंकवर माउस नेल्यावर दिसणारा छोटा मजकूर म्हणजे टिप; ती लिहिलेली नसेल तर माउस नेताच लिंकचा लांबलचक पत्ता पडद्यावर उमटतो. कासच्या फुलांच्या फोटोवर तो फार खटकतो, मुलांचं लक्षही तिकडेच जातं.

लिंकवर राइट क्लिक करून 'एडिट लिंक' उघडा. वर उजवीकडे 'स्क्रीनटिप' आहे. तिथे मराठीत थोडक्यात लिहा, जसे 'कास पठार : २०१२ पासून जागतिक वारसा'. महत्त्वाची माहिती मात्र स्लाइडवरच हवी. स्मार्ट बोर्डावर बोटाने स्लाइड चालवताना टिप दिसेलच असं नाही.

फाइली शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ग्रुपवर टाकाव्यात.