आकडे जुळले का, असं विचारणाऱ्या तुम्हाला

नमस्कार,

परवानगी विचारलेली नाही, म्हणून तुमचं नाव इथे घेत नाही. वाचाल तेव्हा ओळखालच.

तीन आठवडे माझं काम एका ओळीपाशी अडलं होतं. 'लिबजीफोर्ट्रान डॉट एसओ डॉट ३' ही शेअर्ड लायब्ररी (अनेक प्रोग्राम वापरतात ती तयार कोडची फाइल) सापडत नाही, असं म्हणून सिम्युलेशनचा प्रोग्राम सुरू होण्याआधीच बंद पडायचा. सोर्स कोड हाती नाही, फक्त जुनी बायनरी, म्हणजे थेट चालवायची तयार फाइल. निबंधातले निम्मे निकाल तिच्यातून आलेले.

तुमच्याआधी मी तिघांना विचारलं. एकाने सांगितलं, अख्खी सिस्टिम नव्याने टाका. दुसऱ्याने सुनावलं की एवढं तरी यायला हवं. तिसऱ्याने '५' क्रमांकाच्या लायब्ररीला '३' नावाची सिमलिंक, म्हणजे नुसतं दुसरं नाव, द्यायला लावली. मग 'जीफोर्ट्रान १.०' ही आवृत्ती सापडत नाही, असा नवा एरर आला आणि त्या गृहस्थांनी उत्तर देणंच बंद केलं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही आधी एलडीडीचं, म्हणजे प्रोग्रामला कोणत्या लायब्ररी लागतात ते दाखवणाऱ्या कमांडचं, पूर्ण आउटपुट मागितलंत, एकही ओळ न गाळता. मग समजावलंत की तो ३ उगाच नाही: कोडचा प्रोग्राम बनवणाऱ्या जीसीसी कंपायलरच्या आवृत्ती ६ पर्यंत ३, ७ मध्ये ४, आणि ८ पासून ५. आतली रचना बदलली म्हणून आकडा बदलला. दारावरची पाटी बदलली म्हणून घरातला माणूस बदलत नाही, हे तुमचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. जुनी लायब्ररी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून फक्त त्या प्रोग्रामलाच तिचा रस्ता दाखवायचा, बाकी सिस्टिमला हात लावायचा नाही, एवढ्यावर काम झालं.

पण हे पत्र त्यासाठी नाही. 'चाललं!' एवढं कळवून मी मोकळी झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचाच निरोप आला: "जुन्या रनची एखादी आउटपुट फाइल आहे का? तेच इनपुट देऊन आकडे जुळतात का बघा." कुणी विचारलं नव्हतं तुम्हाला. तुमचं काम आदल्या रात्रीच संपलं होतं. चुकीच्या लायब्ररीवर एखादा प्रोग्राम तक्रार न करता चालतो आणि चुकीचे आकडे देतो, अशी भीती मला वाटायला हवी होती. ती तुम्हाला वाटली, माझ्या कामासाठी! मी जुनी फाइल शोधली, ऊर्जेचे आकडे शेजारी शेजारी लावले. शेवटच्या छापलेल्या अंकापर्यंत जुळले. तेव्हा खुर्चीत बसून रडू आलं, खरंच.

जाणकार माणसं मला पुष्कळ भेटली आहेत. समोरच्याचं काम बरोबर व्हावं अशी तळमळ असणारी फार थोडी.

निबंधाच्या पुरवणीत लायब्ररीची नेमकी आवृत्ती नोंदवली आहे. आभारांत तुमचं नाव घालू का? नको म्हणालात तर नावाशिवाय लिहीन, पण लिहीन.

तुमची ऋणी