आणखी असा शास्त्रलेख आहे

पुणे, रविवार सकाळ

ती. आई आणि ती. बाबा यांस,
प्रभूत सप्रेम सलाम.

फोन केला असता, पण फोनवर आपलं काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. बाबा स्पीकर लावतात, आई मागून "जेवलीस का गं" विचारते आणि मूळ विषय राहतो बाजूला. म्हणून नाइट ड्यूटीवरून आले, अंघोळ केली आणि चहाचा कप घेऊन थेट लिहायलाच बसले. आज चर्चला जाणं काही जमायचं नाही.

गेल्या खेपेला नगरला आले होते, तेव्हा संध्याकाळच्या उपासनेला गायनाचं पुस्तक मीच काढलं. त्याच्या खाकी कव्हराच्या आत काहीतरी कडक लागलं. शुगरच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या. एकही गोळी फोडलेली नाही. आई, तेव्हा मी गायन म्हणून घेतलं आणि नंतर ओट्यापाशी तुला हळूच विचारलं. तू कढईकडे बघत म्हणालीस, "मोबाइलवरचे ते ब्रदर सांगतात, गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी पडला." आणि मग बायबलातली ओवी म्हणालीस, "त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य प्राप्त झाले."

तुला तेव्हाच काही बोलले नाही, कारण ओवी खरी आहे. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातली. लहानपणी तूच तर पाठ करून घेतली होतीस माझ्याकडून. खऱ्या ओवीशी भांडायचं कसं?

बसमध्ये पुण्यापर्यंत हेच डोक्यात होतं. सुप्याच्या आसपास एकदम बाबांचा संडेस्कूलचा वर्ग आठवला. बाबा, तुम्ही मत्तयाचा चौथा अध्याय शिकवत होता. सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी उभा करतो आणि म्हणतो, खाली उडी टाक, देवदूत तुला हातांवर झेलतील. तुम्ही विचारलंत, "पोरांनो, सैतान हे कुठून बोलतोय?" कुणाला सांगता येईना. मग तुम्ही एक्याण्णवावं स्तोत्र उघडायला लावलंत. ते सैतानाला पाठ होतं! फक्त "तुझ्या सर्व मार्गांत" एवढे शब्द त्यानं मधून गाळले. आणि पुढच्याच ओवीत सिंह आणि नाग तुडवण्याची गोष्ट आहे, तिथं तो बरोबर थांबला. तुम्ही तेव्हा किती हसला होता! "सापाला तुडवायची ओवी साप कशाला म्हणेल?"

आणि येशूनं काय उत्तर दिलं? स्तोत्र खोटं आहे असं नाही म्हणाला. म्हणाला, "आणखी असा शास्त्रलेख आहे की..." तुमच्या बायबलात त्या "आणखी"खाली तुम्ही लाल-निळ्या पेन्सिलीनं दोन रेघा मारल्या आहेत. एक लाल, एक निळी. मागच्या खेपेलाही पाहिल्या मी.

मग त्या ब्रदरना आपण तेच का विचारू नये? आणखी काय लिहिलंय?

आणखी असं लिहिलंय की प्रेषित पौलाच्या तरुण सोबत्याचं, तीमथ्याचं, पोट वरचेवर बिघडायचं. पौलानं त्याला "तुझा विश्वास तपास" असं नाही लिहिलं. नुसतं पाणी पिऊ नकोस, थोडा द्राक्षारस घेत जा, असं लिहिलं. त्या काळी पोटाला तेच औषध होतं. (बाबा, यावरून तुम्ही काही अर्थ काढू नका.) त्रफिम आजारी होता म्हणून पौलानं त्याला मिलेतात ठेवलं आणि तो पुढे गेला. पौलाच्या हातून कितीतरी लोक बरे झाले होते, पण सोबत्याला आजारी टाकून जावं लागलं तर त्यात त्याला लपवण्यासारखं काही वाटलं नाही. सरळ पत्रात लिहून मोकळा झाला. त्याच्या स्वतःच्या देहातला काटाही तीनदा प्रार्थना करून निघाला नाही. उत्तर आलं ते "माझी कृपा तुला पुरे आहे" असं. आणि ज्याला तो "प्रिय वैद्य" म्हणतो तो लूक शेवटपर्यंत त्याच्याजवळ होता. आई, मी वॉर्डात असते म्हणून मला हे जास्त लागतं असेल, पण विश्वास असेल तर औषध नको हा नियम यात मला कुठेच सापडत नाही.

खरं सांगू, मला गोळ्यांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटली. तू म्हणालीस, "माझंच काहीतरी चुकलं असेल." सत्तरीला आलेली माझी आई, जिनं कोपरगावच्या बदलीत, पगार थकलेला असताना आम्हाला देवासाठी बाजूला काढलेल्या दशांशाचा डबा हलवूसुद्धा दिला नाही, ती रात्री जागून स्वतःची पापं मोजतेय! तुझी साखर मी रक्त तपासून सांगू शकते. हे कशानं तपासायचं?

बाबा, तुम्ही नीतिसूत्रांतलं एक वचन दारावर लावलं होतं, "सर्व रक्षणीय वस्तूंपेक्षा आपल्या अंतःकरणाचे विशेष रक्षण कर, कारण त्यात जीवनाचा उगम आहे." लहानपणी मला वाटायचं, म्हणजे सिनेमा बघायचा नाही. आता वाटतं, तुमच्या फोनवर पहाटे पाचपासून जे "आमेन टाइप करा, अकरा जणांना पाठवा" येत राहतं, तेही त्या उगमातच पडतं. तेही शास्त्राचेच तुकडे. म्हणून तर आपण दार लावत नाही.

आजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, तिचं तुम्ही नेहमी सांगता. ते मिशन काढणाऱ्या पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. अख्खं बायबल साध्या मराठीत आणायला त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षं घातली, आणि 1922 साली प्रभूत निजण्याआधी ते काम पुरं केलं. संस्कृतच्या पंडिता त्या! त्यांना भारदस्त भाषा काही अवघड नव्हती. पण कमी शिकलेल्या बाईला स्वतः वाचता आलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. अशा घरातल्या सुनेनं कुणीतरी निवडून पाठवलेल्या एका ओवीवर का जगावं?

आई, तुला प्रार्थना सुचत नाही म्हणालीस, मावशी गेल्यापासून. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाच. ते फोनवर कुणी फुलांच्या चित्रावर पाठवणार नाही. सुरुवातीपासून रडगाणं आणि शेवटही अंधारातच. तरी ते शास्त्रात ठेवलंय, कुणी काढून टाकलं नाही. आणि एलीया संदेष्टा अरण्यात एका झुडपाखाली "आता पुरे" म्हणून पडला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलं. खाऊन तो पुन्हा झोपला. मग पुन्हा उठवून पुन्हा खायला घातलं. मोबाइलवरच्या कुणी तुला कधी "जेवून झोप" म्हटलंय का?

बाबा, एक विनंती. रात्री आठची उपासना पूर्वीसारखी सुरू करा, लाइट जायची तेव्हा कंदिलाजवळ बसून करायचो तशी. एकेक अख्खा अध्याय, वरून खालपर्यंत, मधला कंटाळवाणा भागही. मार्कपासून धरा, सोळाच अध्याय आहेत. ज्या दिवशी मला सुट्टी असेल त्या दिवशी मी फोनवरून वाचीन. स्पीकर चालेल.

पुढच्या शनिवारी पहाटेच्या एसटीनं येते. मोठ्या टाइपचं बायबल घेतलंय आणि सात खणांचा गोळ्यांचा डबाही. दोन्ही उपासनेच्या टेबलावरच ठेवू. गायनाच्या पुस्तकाचं कव्हर मी आले की बदलते. तोवर आई, त्या दोन पट्ट्या तिथून काढ आणि आज रात्री जेवल्यावर एक गोळी घे. घेतलीस की मिस्ड कॉल दे.

तुमची,
ताई