समुद्राचा अर्क निघत नाही, बाबा

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, बेटाच्या वासाच्या अत्तरात आम्ही समुद्राचा अर्क घालतो का, असं तुम्ही विचारलंत. असा अर्क निघतच नाही. किनाऱ्यावरच्या वासात मोठा वाटा शेवाळातून आणि सूक्ष्म वनस्पतींतून सुटणाऱ्या डायमिथाइल सल्फाइडचा असतो. ते जरा वाढलं की शिजलेल्या कोबीचा वास येतो. अत्तरात समुद्र येतो तो कॅलोनमधून. औषधं शोधताना फायझरला १९६६ मध्ये सापडलेला हा रेणू. वास ओला, खारट, थोडा कलिंगडाचा. थेंबभर जास्त पडला की बेट बुडालं, कलिंगडच उरतं.

खरं बेट जमिनीतून येतं. फ्रेंच अत्तरकार फ्रांस्वा कोटीने १९१७ मध्ये सायप्रस बेटाच्या नावाचं 'शीप्र' हे अत्तर काढलं ते बर्गामोट (लिंबाच्या जातीचं फळ), लॅब्डानम (एका झुडपाचा चीक) आणि ओकमॉसवर (ओकच्या झाडावरचं दगडफूल). भूमध्य समुद्रातल्या कॉर्सिका बेटाचा वास तिथल्या इमॉर्टेल, मर्टल या सुवासिक झुडपांचा. म्हणून खालच्या १५ ग्रॅमच्या मिश्रणात समुद्र, म्हणजे शुद्ध कॅलोन, फक्त ०.०३ ग्रॅम आहे.

तुम्हाला घरी करून बघायचंय, तर सगळं सामान पार्सलने पाठवते. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा हवाच, थेंब मोजून चालत नाही. प्रत्येक तेलाचा थेंब वेगळ्या वजनाचा असतो. आधी जड, शेवटी उडणारं (ॲम्ब्रॉक्सॅन, आयसो ई सुपर आणि हेडिओन ही प्रयोगशाळेत बनवलेली सुगंधी द्रव्यं): खस १.५, इमॉर्टेल ०.२, ॲम्ब्रॉक्सॅनचं १० टक्क्यांचं द्रावण १.५, आयसो ई सुपर ३.५, हेडिओन ४.५, रुमी मस्तकीच्याच झाडाचं तेल ०.५, कॅलोनचं १० टक्क्यांचं द्रावण ०.३ आणि बर्गामोट ३ ग्रॅम. प्रत्येक वेळी काटा शून्यावर आणा आणि ड्रॉपर बदला. एखादं जास्त पडलं तर काढता येत नाही. बाकी सगळं त्याच प्रमाणात वाढवायचं. कॅलोन जास्त पडलं तर मात्र सरळ नव्याने सुरुवात करा, तेवढ्यासाठी बाकीचं वाढवणं परवडत नाही.

बर्गामोट बर्गाप्टीन नावाचा घटक काढलेलंच आहे. साधं लावून उन्हात गेलं की कातडीवर काळे डाग पडतात, आणि आई, तू तर दुपारीच भाजीला निघतेस.

हे मिश्रण आठवडाभर झाकून ठेवा, मग ८५ ग्रॅम अल्कोहोल घाला. बाटली १२५ मिलीची घ्या. वर हवा जास्त राहिली तर बर्गामोट लवकर बिघडतं. अल्कोहोल मी पाठवीन तेच. सॅनिटायझरमध्ये पाणी आणि ग्लिसरीन असतं, आणि हार्डवेअरच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं, ते अंगाला लावायचंच नाही. देवघरातलं निरांजन आणि गॅस विझल्याशिवाय झाकण उघडू नका.

मग चार आठवडे कपाटात, अंधारात. माळ्यावर नको, पत्र्याखाली फार तापतं. पहिले काही दिवस नुसता अल्कोहोलचा झोत येईल, लगेच नावं ठेवू नका. आई, वास कमी वाटला म्हणून जास्त मारू नकोस. आपल्याच अंगावरचा वास नाकाला थोड्या वेळात कळेनासा होतो. शेजारच्या काकूंना विचार.

गाळणं डिसेंबरात करा, नाशिकची थंडी इथे कामाला येते. बाटली घट्ट बंद करून रात्रभर गॅलरीत ठेवा आणि पहाटे गार असतानाच कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळा. इमॉर्टेलमधलं मेण गारठ्यात गोठून वेगळं होतं. ऊन लागलं की परत विरघळतं आणि पुढच्या थंडीत बाटली पुन्हा गढूळ दिसते. गाळण्याआधी चमचाभर वेगळं काढून खोलीत ठेवून बघा: निवळलं तर मेणच होतं. गढूळच राहिलं तर कुठेतरी पाणी शिरलंय, बहुधा धुतलेली बाटली नीट वाळली नसेल. तसं असेल तर गाळत बसू नका, मला फोटो पाठवा.

तुमची,
मनू