आयोडीन सहीसाठी थांबत नाही : विज्ञानमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री,
नवी दिल्ली

विषय : जून २०२५ च्या खरेदी-सवलतीची अंमलबजावणी आणि रखडलेल्या फेलोशिप

महोदय,

सविनय नमस्कार. पत्रास कारण की, जून २०२५ मध्ये सरकारने वैज्ञानिक संस्थांसाठी खरेदीचे नियम सैल केले. 'जेम' या सरकारी खरेदी पोर्टलच्या बाहेरून उपकरणं आणि रसायनं घ्यायची मुभा संचालकांना आणि कुलगुरूंना मिळाली. कोटेशनशिवाय थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर गेली, खरेदी समितीची १० लाखांवरून २५ लाखांवर. ही मागणी शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं करत होते. ती मान्य झाली तेव्हा आम्हाला खरोखर आनंद झाला होता, आणि त्याबद्दलचे आभार आम्ही मनापासून मानतो.

पण मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत गेल्या आठवड्यात तीन वस्तूंची मागणी खरेदी विभागाने चौथ्यांदा परत पाठवली. काचतंतूंचे फिल्टर, एक पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) आणि प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं कापणारी एन्झाइमं, रोखणाऱ्या गोळ्या. तिन्हींची मिळून किंमत २ लाखांच्या बरीच आत. वर शेरा : जेमवर वस्तू उपलब्ध नसल्याचा दाखला जोडा, तीन कोटेशन जोडा. नवा आदेश पुढे ठेवला, तर "आमच्याकडे तसं काही आलेलं नाही" हे उत्तर. इकडे त्याच प्रयोगासाठी मागवलेली, किरणोत्सारी आयोडीन-१२५ जोडलेल्या लिगँडची, म्हणजे पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटणाऱ्या रेणूची, बाटली येऊन शिशाच्या डब्यात पडली आहे. या आयोडीनचं अर्धायुष्य साधारण ६० दिवसांचं. ६० दिवसांनी निम्मं उरतं, १२० दिवसांनी पाव. फाइल कोणत्या टेबलावर आहे, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

तीन किरकोळ वस्तूंसाठी मंत्र्यांना पत्र कशाला, असं आपल्या कार्यालयात कुणाला वाटेल. म्हणून त्या वस्तू काय काम करतात ते सांगतो, कारण शेरा मारणाऱ्या माणसाला ते कधी कुणी सांगितलेलं नसतं.

रिसेप्टर म्हणजे पेशीच्या दारावर बसून आलेल्याला ओळखणारा रेणू, बहुधा प्रथिन. इन्सुलिन, अ‍ॅड्रिनॅलिन, वाढीचे घटक, कोलेस्टेरॉल वाहणारे एलडीएल कण, यांतलं प्रत्येक आपल्या ठरावीक रिसेप्टरला चिकटतं आणि मगच पेशीला निरोप किंवा माल मिळतो. आजार समजून घ्यायचा तर दोन आकडे हवेत : रिसेप्टर किती आहेत, आणि ते लिगँडला किती घट्ट धरतात. ते मोजायला पेशी ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवायच्या. प्लेटवरून सोडवताना ट्रिप्सिन घालायचं नाही, कारण ट्रिप्सिन पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं कापतं आणि जे मोजायचं तेच निघून जातं. ईडीटीए वापरायचं किंवा हलक्या हाताने खरवडायचं. मग पेशी बर्फावर फोडायच्या, गुरुत्वाच्या ४०,००० पट जोराने सेंट्रिफ्यूज करून पेशींच्या आवरणाचा साका मिळवायचा. पेशी फुटली की तिच्यातलेच प्रोटिएज मोकळे होऊन रिसेप्टर खायला लागतात. त्यांना रोखतात त्या गोळ्या. ही पहिली अडकलेली वस्तू.

मग किरणोत्सारी लिगँडची आठ-दहा प्रमाणं घ्यायची, प्रत्येकाच्या तीन-तीन नळ्या. तेवढ्याच नळ्यांचा दुसरा संच लावायचा आणि त्यात तोच लिगँड बिनकिरणोत्सारी रूपात, शंभर पट किंवा त्याहून जास्त घालायचा. तो सगळे रिसेप्टर अडवून धरतो, त्यामुळे या संचात जी किरणोत्सारिता दिसते ती प्लास्टिकला, चरबीला, फिल्टरला उगाच चिकटलेल्या लिगँडची. एकूणातून ती वजा केली की रिसेप्टरला खरोखर बसलेला लिगँड कळतो. तो बिनकिरणोत्सारी लिगँड म्हणजेच ते पेप्टाइड. ते नसेल तर वजाबाकी नाही, आणि वजाबाकी नसेल तर आकड्याला अर्थ नाही.

शेवटी सगळं काचतंतूंच्या फिल्टरमधून ओढायचं. फिल्टर आधी पॉलिएथिलीनइमाइनच्या ०.३ टक्के द्रावणात भिजवावे लागतात, नाहीतर पेप्टाइड काचेलाच बसतं. बर्फगार बफरने (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) तीनदा धुवायचं, तेही काही सेकंदांत. बफर कोमट असलं किंवा हात मंद पडला, तर सैल धरलेला लिगँड सुटून वाहून जातो आणि रिसेप्टर आहेत त्यापेक्षा कमी दिसतात. घातलेल्या लिगँडपैकी १० टक्क्यांपेक्षा जास्त बांधला गेला, तरी नेहमीचं सूत्र चुकतं. एवढं सांभाळायचं ते आमचं काम आहे आणि आम्ही ते सांभाळतो. पण बाटली, पेशी, पेप्टाइड, फिल्टर आणि गोळ्या एकाच आठवड्यात टेबलावर आणणं आमच्या हातात नाही. आयोडीन किती क्षय पावलं याचा हिशेब कागदावर मांडता येतो. पण त्याच्या किरणोत्साराने पेप्टाइडचंच रूप बिघडतं, त्याला कोणताही हिशेब पुरत नाही. बाटली दोन महिने जुनी झाली, की निकाल डोळे मिटून छापायचा किंवा बाटली किरणोत्सारी कचऱ्याच्या नियमांनी टाकायची, एवढंच उरतं. आम्ही टाकतो.

'सर्वांत कमी दराची निविदा', म्हणजेच 'एल-वन', हा नियम तर याहून जास्त नुकसान करतो. स्क्रू आणि खुर्च्या एल-वनवर घ्या, अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवून देणारे रेणू, तसे घेऊ नका. एकाच रिसेप्टरविरुद्धच्या दोन कंपन्यांच्या अँटिबॉडी म्हणजे दोन वेगळ्या वस्तू असतात. एक रिसेप्टरच्या बाहेरच्या टोकाला बसते, दुसरी आतल्या शेपटीला, एखादी तर भलत्याच प्रथिनाला. एकाच कंपनीचे दोन लॉटसुद्धा सारखे निघत नाहीत. सीरमचं, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवाचंही तेच. पेशी वाढवायच्या सीरममध्ये एलडीएल असतं, आणि त्यात पोसलेल्या पेशी आपले एलडीएल-रिसेप्टर कमी करतात. म्हणून प्रयोगाआधी एक-दोन दिवस लिपोप्रोटीन (एलडीएलसारखे कण) काढलेलं सीरम द्यावं लागतं. त्याऐवजी "सीरमच आहे ना" म्हणून साधं स्वस्त सीरम आलं, तर निरोगी माणसाच्या पेशी आजारी माणसासारख्या दिसतात. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जीवाणूचा संसर्ग झालेल्या पेशींचं वागणं तर पूर्ण बदलतं, आणि तो संसर्ग साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतही नाही. तो तपासायच्या किटची मागणी आधीच्या वर्षी "अनावश्यक" म्हणून कापली गेली होती.

महोदय, हे पेशींच्या हौसेपोटी चाललेलं काम नाही. ब्राउन आणि गोल्डस्टीन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात आयोडीन-१२५ लावलेलं एलडीएल रुग्णांच्या त्वचेतल्या पेशींवर टाकलं, आणि आनुवंशिक कोलेस्टेरॉलच्या आजारात रिसेप्टरच बिघडलेला असतो हे दाखवलं. पेशी ४ अंशांवर ठेवल्या की एलडीएल नुसतं बाहेर चिकटतं, ३७ अंशांवर नेल्या की आत ओढलं जातं. या एवढ्याशा फरकातून काही रुग्णांचे रिसेप्टर एलडीएल धरतात पण आत नेत नाहीत, हे कळलं. १९८५ चं नोबेल त्यांना मिळालं. आज घरोघरी घेतली जाणारी स्टॅटिनची गोळी जास्त एलडीएल-रिसेप्टर तयार करायला लावूनच काम करते. आई-वडिलांपैकी एकाकडून आलेला हा आजार जगात सुमारे ३०० माणसांत एकाला असतो. तेच प्रमाण इथे धरलं, तर २०११ च्या जनगणनेतल्या १ कोटी २४ लाखांच्या मुंबईत चाळीस हजारांवर माणसं होतात. त्यांतल्या बहुतेकांना पहिला झटका येईपर्यंत पत्ता नसतो. दोन्हीकडून बिघडलेला जीन आलेल्या मुलांना तर शाळेच्या वयात हृदयविकार गाठतो. आपल्या लोकांत या रिसेप्टरचे कोणते बिघाड आहेत, हे इथल्याच पेशींवर मोजावं लागेल. दुसरं कोणी येऊन मोजून देणार नाही.

परळला कर्करोगाच्या उपचारासाठी फुटपाथवर मुक्काम करणारी कुटुंबं आपण पाहिली असतील. स्तनाच्या कर्करोगाच्या साधारण १५ ते २० टक्के रुग्णांत हर-टू हा रिसेप्टर प्रमाणाबाहेर वाढलेला असतो. ट्रॅस्टुझुमॅब हे औषध द्यायचं की नाही, ते हा रिसेप्टर अँटिबॉडीने रंगवून पाहणाऱ्या तपासणीवर ठरतं. गाठीचा तुकडा फॉर्मालिनमध्ये सहा तासांपेक्षा कमी किंवा बहात्तर तासांपेक्षा जास्त राहिला, तर अँटिबॉडीचा रंग फसवतो. शून्य ते तीनच्या मापावर 'दोन' आलं, तर जीनच्या प्रती मोजणारी दुसरी तपासणी लागते. तिथे चुकीची अँटिबॉडी आली, तर चूक थेट बाईच्या उपचारात उतरते.

आणि हे करणारी मुलं? २०२३ पासून कनिष्ठ फेलोशिप ३७,००० रुपये आणि वरिष्ठ ४२,००० रुपये झाली. कागदावर. प्रत्यक्षात ती चार-चार, सहा-सहा महिने येत नाही आणि मग एकदम थकबाकी जमा होते. परळ-शिवडीतला घरमालक थकबाकीवर भाडं घेत नाही. एका खोलीत तिघं-चौघं राहतात, रात्री दहाला पेशींना खाऊ घालून शेवटच्या लोकलने जातात, रविवारी येऊन पेशींचं पोषक माध्यम बदलतात, कारण पेशींना साप्ताहिक सुट्टी नसते. पैसे का थांबले, हे सांगायला कुणी बांधील नाही. विनियोग प्रमाणपत्र (आधीचे पैसे कशावर खर्चले याचा दाखला) नाही, मग ते पोचलं पण सही जुन्या नमुन्यावर आहे, मग आर्थिक वर्ष संपलं. ३१ मार्चला न खर्चलेली रक्कम परत जाते. पहिला हप्ता जानेवारीत आला, तर दोन महिन्यांत खर्च कसा करायचा? घाईघाईने केला तर लेखापरीक्षक आक्षेप काढतात, नाही केला तर पुढचा हप्ता कापतात.

यंत्रांसाठी पैसे मिळतात, ती जिवंत ठेवायला मिळत नाहीत. उणे ८० अंशांचा फ्रीझर मिळाला, देखभाल करार नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, तेव्हा ज्यांच्याकडे जनरेटरवरचं वेगळं सर्किट होतं त्यांचे नमुने निश्चिंत राहिले, बाकीचे बंद फ्रीझरसमोर हात बांधून उभे राहिले. पावसाळ्यात इन्क्युबेटरमध्ये बुरशी शिरते. हवा गाळणारा एक फिल्टर बदलायचा असतो, पण त्याचा खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा, ते 'शीर्ष' सापडत नाही.

खरं दुखणं याहून मोठं आहे आणि ते आता बोलतोच. २०२०-२१ च्या आकड्यांनुसार संशोधनावर हा देश सकल उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च करत होता. २०२३ मध्ये राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानसाठी पाच वर्षांत ५०,००० कोटी जाहीर झाले, त्यांतले ३६,००० कोटी सरकारबाहेरून यायचे आहेत. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेतल्या रसायनांवरचं सीमाशुल्क १० टक्क्यांवरून १५० टक्के केलं गेलं. ओरड झाली म्हणून काही दिवसांत मागे घेतलं. पण प्रयोगशाळा कशावर चालतात, याची आठवण तो निर्णय घेताना एकालाही झाली नाही, ही गोष्ट मागे घेता येत नाही.

शंभूनाथ डे यांनी कोलकात्यात, तुटपुंज्या साधनांनिशी, सशाच्या आतड्यावर काम करून कॉलऱ्याचं विष शोधलं. १९५९ साली. ते विष आतड्याच्या पेशीवर कशाला चिकटतं, म्हणजे त्याचा रिसेप्टर कोणता, हे १९७० च्या दशकात परदेशातल्या प्रयोगशाळांनी शोधलं. विष आपल्याकडचं, रोग आपल्याकडचा, मेलेली माणसं आपली. डे १९८५ मध्ये गेले, तोवर देशातल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतलं नव्हतं. पहिलं पाऊल इथे पडतं आणि दुसऱ्यासाठी माणसाला विमान धरावं लागतं, हे तेव्हापासून चालू आहे. आमच्या हाताखाली शिकलेली चांगली मुलं बॉस्टनला आणि हायडलबर्गला जातात, ती पगारासाठी जातात असं समजू नका. तिथे सोमवारी मागितलेलं पेप्टाइड त्याच आठवड्यात हातात पडतं, म्हणून जातात.

आमचं मागणं थोडकं आहे. जूनचा आदेश प्रत्येक संस्थेच्या खरेदी आणि लेखा विभागाला नावानिशी पाठवा, आणि तो न पाळणाऱ्याकडून लेखी कारण मागा. किरणोत्सारी आणि नाशवंत वस्तूंच्या मागणीवर सात दिवसांत निर्णय झाला नाही, तर ती मंजूर धरा. अँटिबॉडी, सीरम आणि पेशींना एल-वनमधून वगळा. फेलोशिप पगारासारखी दर महिन्याच्या एका तारखेला द्या, प्रमाणपत्रांची भांडणं संस्थेशी करा, मुलांशी नको.

बाटली येऊन आज ४५ दिवस झाले. ५९ टक्के आयोडीन शिल्लक आहे. या आठवड्यात पेप्टाइड आलं, तर प्रयोग अजून करता येईल.

आपले,
मुंबईत पेशी-रिसेप्टरवर काम करणारे काही जीवरसायनशास्त्रज्ञ