शेड घे, पण अर्ज घराचा कर

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

ज्या तयार शेडमध्ये राहायचा तुझा बेत आहे, तिचं तू पाठवलेलं माहितीपत्रक वाचलं. पोलादी सांगाडा, वर रंगीत पत्रा, आठवड्याभरात उभी करून देतो म्हणतात. तू काढलेला आतला आराखडाही पाहिला. ओटा खिडकीखाली घेतलास ते फार आवडलं. मात्र त्या माहितीपत्रकात एक गोष्ट कुठेही लिहिलेली नाही, ती म्हणजे इथे माणूस राहू शकतो. ‘बहुउपयोगी’ म्हटलंय. विकणाऱ्याने शब्द हुशारीने निवडलाय. शेड उभी करून दिली की त्याचं काम संपलं, तिथे राहायची परवानगी मिळते की नाही ही डोकेदुखी तुझी.

माझी सगळी नोकरी बांधकाम परवानगीच्या टेबलावर गेली, तेव्हा हे पत्र थोडं फायलीसारखं वाटलं तर चालवून घे.

तू फोनवर म्हणालीस, ‘लहान शेडला परवानगी लागत नाही.’ हे अर्धंच खरं आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी घरबांधणीच्या ज्या नमुना नियमावलीवरून, म्हणजे निवासी संहितेवरून, स्थानिक नियम बेततात, तिच्यात 200 चौरस फुटांपर्यंतच्या एकमजली, सुट्या शेडला बांधकाम परवान्यातून सूट आहे. पण ती सूट अवजारं आणि सामान ठेवायच्या शेडला. तिथे तू पलंग टाकलास, चूल मांडलीस की इमारतीचा वापर बदलला आणि सूटही गेली. शिवाय परवाना लागत नाही म्हणजे नियम लागत नाहीत असंही नाही. हद्दीपासून सोडायची अंतरं, पूररेषा, जमिनीचा ठरलेला वापर हे सगळं त्या सूट मिळालेल्या शेडलाही चिकटलेलंच असतं.

इंग्लंडमध्येही तेच. घराच्या आवारात ठरावीक उंचीपर्यंतची खोली वेगळा अर्ज न करता बांधता येते, छंदासाठी, कामासाठी, सामानासाठी. स्वतंत्र राहतं घर म्हणून नाही. ऑस्ट्रेलियात तर वर्गच वेगळे आहेत: शेड 10अ वर्गात, एकटं उभं घर 1अ वर्गात. राहायचं तर इमारतीचा वर्ग बदलून घ्यावा लागतो, आणि तो बदलायचा म्हणजे घराला लागणारी ओल-प्रतिबंधक व्यवस्था, उष्णतारोधन, धुराची सूचना देणारी यंत्रं, छताची उंची हे सगळं त्या शेडमध्ये आहे असं दाखवावं लागतं. उभ्या शेडच्या काँक्रीटखाली ओल अडवणारा कागद नंतर कसा घालणार, सांग बरं?

‘आजूबाजूला कुणी नाही, कोण बघायला येतंय’ हे तुझं दुसरं वाक्य. त्यावर एक खरा खटला सांगते. हर्टफर्डशरमध्ये एका गृहस्थाने 2001 साली गवत साठवायच्या कोठाराची परवानगी घेतली. कोठार बांधलं, बाहेरून अगदी कोठारच. आत मात्र झोपायच्या खोल्या, दिवाणखाना, व्यायामाची खोलीसुद्धा. 2002 मध्ये तो कुटुंबासह राहायला गेला. तिथे तेव्हा नियम असा की एखाद्या इमारतीचा घर म्हणून वापर सलग चार वर्षं चालला आणि कुणी कारवाई केली नाही, तर तो वापर कायदेशीर ठरायचा. चार वर्षं झाल्यावर, 2006 मध्ये, त्याने स्वतःहून तो वापर कायदेशीर झाल्याचा दाखला मागितला. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2011 मध्ये तो हरला. ठरवून फसवणाऱ्याला त्या मुदतीचा फायदा देता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. आता तर इंग्लंडमध्ये ती चार वर्षांची मुदतही गेली, 2024 पासून दहा वर्षं झाली आहेत.

आणि कुणी बघायला येण्याची गरजही नसते. विजेचं घरगुती मीटर मागताना, विमा काढताना, कर्ज घेताना, पुढे कधी विकताना, प्रत्येक वेळी कुणीतरी विचारणारच की हे बांधकाम कागदावर काय आहे.

तेव्हा मी तुला शेडचा बेत सोड म्हणत नाही. पोलादी सांगाड्याचं घर उत्तम होऊ शकतं, पत्र्याशी कुठल्याही संहितेचं वैर नाही. फक्त कार्यालयात गेलीस की ‘शेड’ हा शब्द काढू नकोस. ‘एक लहान राहतं घर बांधायचंय, सांगाडा पोलादी आहे’ असं सांग आणि पहिल्या दिवसापासून अर्ज घराचाच कर. आधी शेड मंजूर करून घेऊ, मग हळूच घर करू, या वाटेने गेलेल्यांच्या फायली मी पाहिल्यात. नियमित करून घेताना दंड भरायचा तो भरायचाच, वर भिंती उघडून आत काय आहे ते तपासनिसाला दाखवायचं.

तिथे दोन प्रश्न वेगवेगळे विचार. एक, या जमिनीवर राहतं घर चालतं का? काही ठिकाणी मुख्य घर असल्याशिवाय शेड उभीच करता येत नाही, काही ठिकाणी घराचं किमान क्षेत्रफळ ठरलेलं असतं आणि तुझं लहानसं घर तिथेच अडकेल. दोन, इमारत राहण्याजोगी आहे का? पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही असं अनेकदा होतं, उलटही होतं. उत्तर लेखी घे. खिडकीवरचा माणूस चांगलाच असतो, पण त्याची बदली होते. खरेदीखतातल्या अटीही वाच. कार्यालय हो म्हणालं तरी जुन्या मालकाने घातलेली अट आडवी येऊ शकते.

आता इमारतीबद्दल. हलक्या शेडला वाऱ्याची भीती ढकलण्यापेक्षा उचलण्याची जास्त. छतावरून वारा वेगाने गेला की ते वर खेचलं जातं, म्हणून खांब इमारतीच्या पायाला बोल्टने पक्के जखडावे लागतात. विकणाऱ्याचे नकाशे सरसकट असतात. तुझ्या जागेचा वारा, माती, बर्फ पडत असेल तर त्याचा भार धरून केलेली गणितं, आणि त्यावर अभियंत्याची सही, हे माग. तो टाळाटाळ करू लागला तर दुसरा विक्रेता बघ.

पत्र्याचा खरा त्रास मात्र पाण्याचा आहे, आणि तो पावसाच्या पाण्याचा नव्हे. माणूस श्वास घेतो, रांधतो, आंघोळ करतो. ती वाफ थंड पत्र्याला लागली की आतून थेंब धरतात. सामानाच्या शेडमध्ये हे चालून जातं, घरात त्याने उष्णतारोधक थर भिजतो आणि बुरशी येते. त्यामुळे थर कुठला, वाफ अडवणारा पडदा कुठल्या बाजूला, हवा कुठून खेळणार, हे हवामानानुसार आधीच ठरायला हवं. थंड प्रदेशात पडदा आतल्या, उबदार बाजूला लागतो. दमट उष्ण हवेत तोच पडदा ओल कोंडून ठेवू शकतो.

खिडकीचंही बघ. त्या अमेरिकी संहितेत झोपायच्या खोलीला आगीत बाहेर पडता येईल अशी खिडकी किंवा दार लागतं: उघडल्यावर किमान 20 इंच रुंद, 24 इंच उंच, खालची कड खोलीच्या फरशीपासून 44 इंचांच्या आत. पण नुसती 20 बाय 24 ची खिडकी घेतलीस तर नापास होशील, कारण तळमजल्यावर एकूण 5 चौरस फूट मोकळी जागाही लागते. तुझ्या आराखड्यातली माळ्याखालची खिडकी मला यासाठीच लहान वाटते.

सांडपाण्याचं तू काहीच लिहिलेलं नाहीस. गटार जवळ नसेल तर सेप्टिक टँक आणि शोषखड्डा, आणि त्याआधी मातीत पाणी किती वेगाने मुरतं याची चाचणी. चिकण माती निघाली, खडक वर असला किंवा विहीर जवळ असली तर परवानगी तिथेच अडते. ही चाचणी शेडच्या आधी, शक्य तर जमीन घेण्याच्याही आधी कर.

जमिनीचा इसार अजून दिला नसशील तर थांब. द्यायचाच असेल तर करारात अट घाल: राहत्या घराची परवानगी आणि सांडपाण्याची मंजुरी मिळाली नाही तर पैसे परत. मालक कुरकुरेल. कुरकुरू दे.

विजेच्या वायरिंगचा नकाशा बाबा बघतो म्हणालेत, त्यांना पाठव. आणि न्हाणीघराचं दार आत उघडतंय, ते सरकतं कर. एवढ्याशा जागेत आतला माणूस चक्कर येऊन पडला तर दार उघडणार नाही.

तुझी,
आई